गप्प राहणाऱ्याचा होकार

पहिला बांबू नत्थूच्या खांद्यावर पडला तेव्हा मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून काकडआरती चालू होती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मात्र ती कोणाच्या कानात शिरत नव्हती. बांबू डोंगा ढकलायचा, वर्षानुवर्षं पाणी पिऊन जड झालेला. तो बसला तसा नत्थू मटकन खाली बसला. उठायला म्हणून त्यानं हात टेकला, तर हात त्याचा राहिलाच नव्हता, खांद्यापासून नुसता लोंबत होता. दुसरा बांबू पाठीत, तिसरा कानशिलावर. कानामागून रक्ताची धार मानेवरून बंडीत उतरली. नत्थू एवढंच म्हणाला की मोबाइलवर 'मंजूर' आलं होतं. तेवढं बोलल्याबद्दलही त्याला आणखी एक बसला.

मारत होता धनीराम. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेचा अध्यक्ष, जाळ्याचा म्होरक्या आणि खेमराजचा सख्खा मामा. एरवी हा माणूस कीर्तनात रडायचा. सुदाम्याचे पोहे निघाले की पंच्याचं टोक डोळ्याला लावायचा. आणि मार खाणारा नत्थू गावचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी जायचं ते पाहून पाळीतलं दार उघडणारा माणूस. आयुष्यात त्यानं कोणाच्या कुत्र्यालाही दगड मारला नव्हता.

तलावात पाणी उरलं नव्हतं. दार रात्रभर उघडं राहिलं होतं आणि चैत्रात माशांसाठी तळाशी जपून ठेवलेलं पाणी खालच्या धानात निघून गेलं होतं. उरला काळा चिखल, आणि चिखलात तडफड. रोहू, कतला, गेल्या पावसाळ्यात सोडलेली बोटुकली पिल्लं, सगळी एकावर एक पडून तोंडं उघडत होती. पोटं भरून बगळे नुसते उभे होते. ढिवरांच्या बाया गुडघाभर चिखलात उतरून जिवंत मासे हंड्यांत भरत होत्या आणि भरलेले हंडे घेऊन तशाच उभ्या राहत होत्या, कारण न्यायचं कुठं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

खेमराज धावत पाळीवर चढला. त्यानं मामाचा बांबू धरला, धनीरामनं त्याला झटकून दिलं. तो पुन्हा धरायला गेला, पण त्याचं अर्धं लक्ष गावाकडून येणाऱ्या वाटेकडे होतं. धानवाल्यांचा योगेंद्र, त्याचा दोस्त, येईल, हीच एक भीती त्याच्या छातीत बसली होती. चूक कुठं झाली हे योगेंद्रला कळलं असणार, आणि कळलं की तो घरात बसणार नाही. येईल, हात जोडेल, समजावून सांगू लागेल. आणि या माणसांमध्ये तो आला तर परत जाणार नाही. खेमराजला आज दुसरं काही वाचवायचं नव्हतं. तलाव गेलाच होता. योगेंद्रला तेवढं जिवंत परत न्यायचं होतं.

ही गोष्ट भांडणापासून सांगितली तर अर्धीच कळेल. म्हणून थोडं मागं जाऊ.

मोहबोडी हे साकोलीच्या अलीकडचं गाव. पाळीच्या वरच्या अंगाला ढिवरांची घरं, खालच्या अंगाला धानवाल्यांची. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात घर गेलं तेव्हा खेमराजची आई सखाबाई भावाच्या, म्हणजे धनीरामच्या आधारानं इथं आली. खेमराज शिकला, नागपूरला काही वर्षं कंपनीत कोड लिहीत राहिला, करोनात घरी आला तो पुन्हा गेलाच नाही. त्यानं घरी बसून एक सॉफ्टवेअर लिहिलं. मासेमारांच्या संस्थांनी आपली वेबसाइट आपणच चालवावी, कोडचं अक्षर न येताही सूचना टाकाव्या, सभासद नोंदवावे, फोटो लावावे, असं ते होतं. नाव ठेवलं 'जाळं'. ते त्यानं उघडं ठेवलं. ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, बदलावं, पुढं द्यावं.

खालच्या अंगाला लक्ष्मणरावांचा योगेंद्र हेच काम धानवाल्यांसाठी करत होता. पाणीवाटपाच्या समित्या, धानगिरणी, बियाण्यांचे गट. त्याचं 'बांधी'. तेही उघडं.

दोघांची दोस्ती मात्र संगणकावर झाली नाही, देवळात झाली. योगेंद्र टाळ धरायचा, खेमराज मृदंग वाजवायचा. सप्त्यात कीर्तनकार रोज नवा. एक बुवा गोड गळ्याचे, दुसरे आख्यानात लोकांना हसवून हसवून लोळवणारे, तिसरे असे तापट की पोरंसोरं पहिल्या रांगेतून उठून जायची. पण मागं उभे टाळकरी तेच, मृदंग तोच. बुवांनी नुसता उपरण्याचा पदर सावरला की मागचे ठेका उचलायचे. मागच्या वर्षीच्या सप्त्यात प्रसादाच्या पत्रावळीवर बसल्या बसल्या योगेंद्रच्या डोक्यात ते आलं.

“खेमराज भाऊ, आपण दोन मृदंग कायले वाजवून राहिलो गा?” तो म्हणाला. “लॉगिन तूही लिवलं, मीही लिवलं. सूचना तुह्यी, सूचना माह्यी. मागचा ठेका एक ठेवू. वरतं तुह्यं कीर्तन तू कर, माह्यं मी करतो.”

खेमराज भाताचा घास तसाच धरून बसला होता. मग दोघांनी सहा महिने खपून दोन्हींच्या खालचं सारखं सारखं बाहेर काढलं आणि त्याचा एक पाया केला. फ्रेमवर्क म्हणतात त्याला. त्यांनी नाव दिलं 'पाया'च. एकानं चूक सुधारली की दोघांची सुधारायची. धानवाल्यांची सूचना ढिवरांच्या मोबाइलवर दिसू लागली, ढिवरांची धानवाल्यांच्या. तलाव एक, मग सूचनाही एकाच ठिकाणी, हे गावाला फार आवडलं. बाकीच्या तालुक्यांतल्या संस्थांनीही पाया उचलला. बोलावून कोणाला आणलं नव्हतं, आपसूक आले.

आणि याच पायात एक गोष्ट चुकून गेली.

ढिवरांची जुनी रीत आहे. जाळं टाकायच्या आधी म्होरक्या पाळीवर उभा राहून तीनदा विचारतो, जाळं जाते, कोणाचं काही म्हणणं आहे काय? माणसं पाण्यात लांब लांब पसरलेली असतात, 'हो' म्हणायला कोण कुठून ओरडणार? म्हणून गप्प राहिला तो होकार. ज्याचं म्हणणं असेल त्यानं येऊन जाळ्यासमोर पाण्यात उभं राहायचं. तो हटेपर्यंत जाळं जात नाही. धानवाल्यांची रीत नेमकी उलटी. पाणी सोडायचं तर पाणकर प्रत्येकाच्या दारात जाऊन तोंडून 'हो' घेतो. बोलला नाही तो नकार. धनीरामच्या दारातही नत्थू असाच जायचा, चहा घ्यायचा, होकार घेऊन उठायचा.

निर्णयाचा भाग पायात घ्यायचा तेव्हा खेमराजचा घेतला, कारण तो सुटसुटीत लिहिलेला होता. धानवाल्यांसाठी त्याच्यावर योगेंद्र आपला नियम चढवणार होता. ते राहिलं. सप्ता तोंडावर आला, मंडप, पंगती, बुवांना आणायला गाडी. दोघंही म्हणाले, सप्ता झाला की करू.

सप्त्यातच धान दुधात आला, दाणा भरायला पाणी पाहिजे होतं, आणि धानवाल्यांच्या समितीनं सूचना टाकली, तलावाचं सगळं पाणी सोडायचं म्हणून. ढिवरांनी ती वाचली आणि मोबाइल खिशात ठेवले. धनीराम हसून म्हणाला होता की धानवाल्यांची रीत आपल्याला माहीत आहे, नत्थू दारात आल्याबिगर तलावाचं दार उघडत नाही, येईल तेव्हा नाही म्हणू. इकडे कोणीच नाही म्हटलं नाही, तशी मुदत संपताच नत्थूच्या मोबाइलवर 'मंजूर' झळकलं. ढिवरांचाही होकार आला म्हणायचा, त्याला वाटलं. पूर्वी दारोदार जाऊन होकार घेतला की प्रत्येकाच्या नावापुढं हिरवी खूण यायची, आता एकच शब्द येतो, काम सोपं झालं, असं म्हणून त्यानं मारुतीला हात जोडले आणि दार उघडून तो कीर्तनाला जाऊन बसला. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांच्या रीतीवर भरवसा ठेवला होता. खोटेपणा कोणाच्याच पोटात नव्हता.

पण तलाव तर रिकामा झाला.

योगेंद्र आलाच. मोटारसायकल पाळीखाली टाकून, अनवाणी, सप्त्याचं पांढरं धोतर तसंच. धानवाले त्याच्या बरेच मागं होते, लक्ष्मणराव कुऱ्हाडी गोळा करायला थांबले होते. खेमराजनं त्याला हात करून परत जा म्हटलं. योगेंद्रनं ते पाहिलंही. तरी तो वर चढला, हात जोडले, आणि म्हणाला की नत्थूला सोडा, चूक यंत्रात झाली, ते यंत्र आम्ही केलं.

ते त्याचं शेवटचं धड वाक्य. धनीरामचा थोरला भूपेंद्र बैलासारखा धावत गेला आणि डोक्यानं त्याच्या पोटात शिरला. दोघं पाळीवरून गडगडत चिखलात गेले. मग वरून आणखी माणसं उतरली. कोणाचा पाय, कोणाची कोपर, काही दिसत नव्हतं. चिखलातून फक्त थप थप आवाज येत होता, धोबी कपडा आपटतो तसा. मध्येच एक मासा उसळून कोणाच्या तरी छातीवर पडला, त्या माणसानं तो उचलून योगेंद्रच्या तोंडावर हाणला. योगेंद्रनं उजवा हात डोक्यावर घेतला होता. भूपेंद्रनं तो ओढून चिखलातल्या दगडावर धरला आणि टाचेनं दाबला. एकदा नाही मोडला, दुसऱ्यांदा मोडला. योगेंद्रची किंकाळी पाळीवरच्या झाडांतून फिरून परत आली.

खेमराज मध्ये घुसला. त्यानं एकाला गळ्याला धरून मागं ओढलं, दुसऱ्याच्या हाताला चावला. कोणाचा तरी गुडघा त्याच्या बरगडीत बसला आणि श्वास बंद झाला. तरी तो ओरडत होता.

“मामा, नियम आपला हाय! गप्प राहिला तं होकार, हे मी लिवलं. त्यानं नाई.”

धनीराम पाळीवरून खाली आला आणि त्यानं भाच्याच्या थोबाडीत मारली. अशी मारली की खेमराजच्या डोळ्यांपुढं तलाव काळ्याचा पांढरा झाला.

“त्याईच्या पंगतीत बसून बसून त्याईचाच झाला काय बे? नियम तुह्या का त्याचा, मले काय कराचं हाय? माह्ये मासे मेले.”

खरं सांगितलं की राग उतरतो, असं खेमराजला लहानपणापासून वाटत आलं होतं. कीर्तनात तसंच तर होतं. कोणीतरी शेवटी खरं बोलतं, आणि सभा हात जोडते. इथं त्यानं खरं सांगून टाकलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि काहीच झालं नाही. उलट कोणीतरी म्हणालं, मग दोघांचेही हात मोडा. त्यावर दोनचार जण हसलेसुद्धा.

योगेंद्रला जाळ्याच्या दोरीनं बांधून उभं केलं. डावं मनगट बाहेर काढून डोंग्याच्या काठावर ठेवलं. ज्या हातानं यंत्र लिहिलं ते दोन्ही हात जाऊ दे, भूपेंद्र म्हणाला, आणि त्यानं वल्हं उचललं. धनीरामनं त्याला थांबवलं. दया आली म्हणून नाही. संस्थेचं काम होतं ते, आणि संस्थेचं काम रीतीनं व्हायला पाहिजे, असा त्याचा बाणा. तो पाळीच्या उतारावर दोन पाय रोवून उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या म्होरके जसे उभे राहिले तसा.

“याचा दुसरा हात जाते. कोणाचं काई म्हणणं हाय काय?”

कोणी बोललं नाही. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, त्या खाली बघू लागल्या. त्यांत सखाबाईही होती. योगेंद्र तिच्या हातचा भात खाऊन गेलेला, तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. भावासमोर ती कधी बोललीच नव्हती.

धनीरामनं दुसऱ्यांदा विचारलं. भोंगा बंद झाला होता. चिखलात माशांचा आवाज तेवढा.

खेमराज उठला. बरगडीवर हात दाबून, गुडघाभर चिखलातून, एकेक पाय उपसत तो डोंग्यापुढं गेला आणि योगेंद्र आणि वल्हं यांच्यामध्ये उभा राहिला. जाळ्यासमोर उभं राहतात तसा, पाठ योगेंद्रकडे, तोंड म्होरक्याकडे.

“माह्यं हाय,” तो म्हणाला.

मागून योगेंद्र रडत हळूच म्हणत होता, सरक गा भाऊ, सरक.

धनीरामच्या चेहऱ्यावर काय हललं ते खेमराजला दिसलं. राग तसाच होता, पण त्याच्या खाली दुसरं काही जागं झालं होतं. तिसऱ्यांदा विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. समोर माणूस उभा असताना विचारायचं नसतं. भूपेंद्रला मात्र एवढा धीर नव्हता.

“बाजूले हो दादा,” तो म्हणाला, आणि खेमराज हलला नाही तेव्हा त्यानं वल्हं फिरवलं.

वल्ह्याचं पातं खेमराजच्या जबड्यावर आडवं बसलं. तोंडात काहीतरी तुटलं, दात की हाड, आणि जीभ रक्तानं भरली. तो डोंग्यावर कोसळला, पण कोसळताना त्यानं योगेंद्रचं डावं मनगट अंगाखाली घेतलं आणि तिथंच पडून राहिला. भूपेंद्रनं वल्हं पुन्हा उचललं.

ते खाली आलं नाही. धनीरामचा बांबू भूपेंद्रच्या पाठीत बसला होता. भूपेंद्र वळला तर दुसरा त्याच्या मांडीवर, तिसरा पोटरीवर. बाप लेकाला मारत सुटला. नत्थूला मारला त्याहून जास्त, दात खाऊन, तोंडातून लाळ गळेस्तोवर. भूपेंद्र चिखलात हातापायांवर रांगत पळू लागला, धनीराम त्याच्या मागं, बांबू उचलून, आपटून.

“जाळ्यापुढं उभ्या मानसाले मारलं तू,” तो म्हणत होता. “आपल्या बापजाद्यात कोणी मारलं नाई. कोणी नाई.”

बांबू मधोमध तडकला तेव्हा तो थांबला. भूपेंद्रचं डोकं फुटलं होतं. ढिवरांपैकी कोणीच जागचं हललं नाही. योगेंद्रच्या दोरीची गाठ कोणीतरी, नाव कोणी घेत नाही, गुपचूप सोडली.

हे इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात धानवाले पाळीवर आले. त्यांना एवढंच दिसलं की लक्ष्मणरावांचा पोरगा रक्तानं माखून डोंग्यावर पडला आहे आणि धनीराम तडकलेला बांबू घेऊन उभा आहे. लक्ष्मणराव म्हातारा माणूस, पण उतारावरून असा आला की कोणाला आवरेना. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा धनीरामच्या गुडघ्यावर घातला. वाटी फुटली. धनीराम पडला, ओरडला नाही. मग सगळंच पेटलं. फावडी, काठ्या, दगड. एकाचा कान अर्धा लोंबला, एका बाईच्या हातातला हंडा तिच्याच कपाळात बसला. कोणीतरी डोंग्यावर रॉकेल ओतलं. खेमराज आणि योगेंद्र एकमेकांना धरून त्यावरून खाली सरकले आणि मागं आग भडकली.

काल्याच्या कीर्तनाला आलेले बुवा पाळीवर उभे होते. गळ्यात हार तसाच. त्यांनी दोन शब्द बोलून पाहिले, एका धक्क्यानं ते पालथे पडले. उठले तेव्हा त्यांनी उपदेशाचा नाद सोडून दिला. पाळीच्या कडेला नत्थू पडला होता, सगळे त्याला विसरले होते. बुवांनी त्याला पाठीवर घेतलं आणि त्या गर्दीतून, खाली मान घालून, रस्त्यापर्यंत चालत नेलं. पोलिसांची जीप येईपर्यंत एवढं एकच धड काम त्या पाळीवर झालं.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यात मोहबोडीला खाटांची एक अख्खी रांग मिळाली होती. नत्थूचा खांदा बांधलेला, डाव्या कानानं त्याला आता ऐकू येत नव्हतं. धनीराम पायाला वजन लावून भिंतीकडे तोंड करून पडलेला, खाटेपाशी पोलीस बसलेला. लक्ष्मणराव ठाण्यात. खेमराजचा जबडा तारांनी बांधला होता, बोलणं बंद, नळीनं पेज. त्याच्या उशाशी सखाबाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत त्याचा लॅपटॉप होता आणि ती तो त्याला देत नव्हती.

सकाळपासून तिचं एकच चाललं होतं. तो पाया तोडून टाक. ढिवरांचं ढिवरांकडे, धानवाल्यांचं धानवाल्यांकडे. त्याच्यापायी माझ्या भावाचा गुडघा गेला, भाच्याचं डोकं फुटलं, तुझं तोंड गेलं. आमच्या आज्याला कोणता पाया होता? भांडण झालं तर पाळीवर व्हायचं आणि पाळीवर मिटायचं. खेमराज ऐकत होता. डोळे मिटले की त्याला तीच गप्प उभी असलेली माणसं दिसत होती.

दुपारी योगेंद्र शेजारच्या वॉर्डातून आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद. डाव्या हातात मोबाइल. तो खाटेच्या कडेला बसला आणि सखाबाईकडे न बघता त्यानं मोबाइल खेमराजपुढं धरला.

लाखांदूरकडची एक संस्था. त्यांचाही तलाव, तेही पायावरच. पाणी सोडायची सूचना पडली होती. कोणीच काही म्हटलं नव्हतं. आज दिवस बुडला की ती आपोआप 'मंजूर' होणार.

खेमराज उठून बसला. त्यानं आईपुढं हात केला. सखाबाईनं पिशवी छातीशी धरली.

योगेंद्रनं तिला सगळं समजावून सांगितलं. कोड आजच बदलून पाठवला तर तिथल्या साइटवर तो आपसूक पोचेल. पाया तोडला तर आमचं दोघांचं वेगळं होईल, पण ज्यांनी तो नेला त्यांच्याकडे तो तसाच राहील, चुकीसकट. निर्णयाचा भाग पायातून काढून टाकू, तो ज्याचा त्यानं आपल्या रीतीनं लिहावा. तोवर कोणी बोललं नाही तर काहीच होणार नाही, एवढंच ठेवू. बाकी राहू दे. सखाबाईला यातलं किती कळलं देव जाणे. ती पिशवी सोडेना. तेव्हा योगेंद्र म्हणाला,

“माय, तठीही एखादा नत्थू असन. तो आता दार उघडाले निंगाला असन.”

सखाबाईनं रांगेकडे पाहिलं. नत्थू तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याच्या पलीकडे तिचा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं त्याला हाक मारली, दादा, देऊ काय म्हणून. धनीराम वळला नाही. बाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“तू बोलून नाई राहिला तं मी माह्या मनानं देतो,” ती म्हणाली, आणि पिशवी तिनं पोराच्या मांडीवर ठेवली.

योगेंद्र सांगत गेला, खेमराज लिहीत गेला. कुठं अडलं की खेमराज पडद्यावर बोट ठेवायचा आणि योगेंद्र उघडा डोळा जवळ आणून वाचायचा. जितकं काढायचं होतं तितकं निघेना, एक ओळ काढली की दुसरीकडे तीन लाल व्हायच्या. खेमराजच्या तारांमधून रक्त ओठावर आलं, सखाबाई पदरानं टिपत राहिली. खिडकीतलं ऊन पिवळं झालं तेव्हा त्यांनी ते पाठवलं, आणि दोघं मोबाइलकडे बघत बसले.

थोड्या वेळानं त्या सूचनेखालचा शब्द बदलला. 'कोणाचाही होकार नाही.'

लगेच फोन वाजला. पायाच्या पानावर मदतीला योगेंद्रचाच नंबर होता. तिकडून लाखांदूरच्या संस्थेची सचिव, सीताबाई. चिडलेली. सकाळपासून सगळं बरोबर चाललं होतं, आता हे काय करून ठेवलं, पाणी आजच सोडायचं आहे. योगेंद्रनं तिला विचारलं की तुमच्या ढिवरांना विचारलं काय. ती म्हणाली, विचारायचं काय, कोणी काही म्हटलंच नाही.

“मंग आता मले घरोघरी जा लागन काय?”

“हो वो बाई. जा लागन.”

“ऊन पाह्यलं काय कसं हाय? तुमाले तठी बसून सांगाले काय होते.” मग ती म्हणाली, “बरं. जातो.”

रागाच्या भरात ती फोन बंद करायचं विसरली. योगेंद्रनंही केला नाही. तो खाटेवर खेमराजच्या आणि आपल्या मध्ये ठेवला. तिच्या चपला फटफट वाजत होत्या, मध्येच कोणाची तरी कोंबडी ओरडली, ती तिला हाकलून पुढं गेली. मग चपला थांबल्या आणि कुठल्यातरी दाराची कडी वाजली.